आप्पा, तो परिच्छेद राहूनच गेला

आप्पा, तुम्ही गेल्याचं मला शिरूर-दौंड गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. दुसरं कोण सांगणार होतं? गेली सात-आठ वर्षं तुमच्या-माझ्यात जे काही येणं-जाणं उरलं होतं, ते सगळं त्याच्याच हातून. मंगळवारी तुम्ही शिरूरच्या स्टँडवर त्याच्याकडे पुस्तकांचा गठ्ठा द्यायचा. सुतळीनं बांधलेला, वरून वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदावर निळ्या शाईत फक्त 'ताई, दौंड'. शुक्रवारी माझा गठ्ठा उलट निघायचा. दोन गावांच्या वाचनालयांनी आपली पुस्तकं अशी एसटीनं फिरवावीत असं कुठल्या नियमात नाही, आणि आपण कुणाला विचारलंही नव्हतं. या मंगळवारी तो रिकाम्या हातानं आला. पायरीवर चपला काढल्या, ज्या तो एरवी कधी काढत नाही, आणि म्हणाला, "ताई, आप्पा गेले. परवा पहाटं." मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. हातातलं पूर्ण केलं, पुढचं घेतलं, त्यावरही मारला. तिसऱ्यावर शिक्का उलटा पडला, तेव्हा कुठे तो काय म्हणाला ते माझ्या डोक्यात शिरलं.

शोकसभेत तुमचा जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं असं सगळं कुणीतरी कागदावरून वाचून दाखवलं. ते मी पुन्हा लिहीत बसत नाही. त्यात एक ओळ होती की आप्पा अजातशत्रू होते. मला हसूच आलं. तुमच्याशी भांडायचं म्हणून मी दोन-दोन दिवस मुद्दे गोळा करून ठेवायचे आणि तुम्ही मला 'वकिलीणबाई' म्हणून चिडवायचात. शत्रू नव्हते म्हणा मी, पण तुमच्या डोक्याला ताप मात्र नक्की होते.

मी तुमच्याकडे आले ते नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा. शिरूरला घोडनदी म्हणणारी माणसं तेव्हा अजून पुष्कळ होती. बारावी होऊन मी घरी बसले होते. तुम्ही मार्केट यार्डात आमच्या आण्णांना गाठलंत आणि पोरीला वाचनालयात माझ्या हाताखाली कामाला पाठव म्हणालात. आण्णा म्हणजे माझे वडील. यार्डात पोत्यांवर व्यापाऱ्यांचे मार्के रंगवायचे ते. काळा रंग, आखूड केसांचा ब्रश, आणि उभ्या-उभ्या पोत्यावर असं अक्षर काढायचे की छापल्यासारखं दिसावं. मला पाठवायला ते लगेच तयार झाले याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. कारण आण्णा स्वतः वाचनालयात कधी पाऊल टाकायचे नाहीत. मला पोचवायला आले तेही ओट्याखालीच थांबले. तुम्ही त्यांना वर या म्हणाला नाहीत आणि तेही चढले नाहीत. मी समजले, कामाची घाई असेल.

पेठेतल्या दुकानावरच्या दोन खोल्या, खाली दगडी ओटा, ओट्यावर भिंतीला टेकलेला फळा, एवढंच आपलं वाचनालय. तरी तुम्ही त्याला 'संस्था' म्हणायचात आणि म्हणताना शर्टाचं वरचं बटण लावायचात. पहिल्याच आठवड्यात मला खळ करायला शिकवलंत. मैदा किती, पाणी किती, आणि शेवटी चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे पुस्तकाच्या पाठीला तोंड लावत नाहीत. बोटाला थुंकी लावून पान उलटलं तर तुम्ही असे बघायचात की त्यापेक्षा शिवी परवडली असती. पहिल्या पानावरचा शिक्का फाडून पुस्तक पळवणारे फार, म्हणून एकतिसाव्या पानावर आतल्या कडेला दुसरा शिक्का मारायचा हेही तुम्हीच शिकवलंत. दौंडला मी तेच पान ठेवलंय. कुरकुंभच्या कारखान्यांतून पाळी सुटली की थेट वाचनालयात येणारी पोरं आहेत माझ्याकडे. त्यांच्या कपड्यांना केमिकलचा वास येतो आणि तो पुस्तकांना लागतो. तुम्हाला हे सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला होता, लागू दे, वाचलेलं पुस्तक हाय एवढं तरी कळतं.

आणि तपासणी. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे आणि वाचकांच्या सह्यांची वही बघायचे. तालुक्यात कितीतरी ठिकाणी आदल्या दिवशी चार पेनं घेऊन चार जण बसायचे आणि वर्षभराच्या सह्या एका दुपारी ठोकून द्यायचे. आपल्याही संचालकांनी एकदा तुम्हाला तसं सुचवलं. केबल टीव्ही आल्यावर वाचक घटले होते आणि वाचनालयाचा सरकारी वर्ग खाली जाऊन अनुदान कमी होईल अशी भीती होती. तुम्ही वही कपाटात घातलीत, कुलूप लावलंत आणि किल्ली कनवटीला खोवून न्हावऱ्याला घरी गेलात. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे ती अर्धी कोरी वही ठेवलीत आणि म्हणालात, माणसं आली न्हाईत, खोटं कसं लिहू. वर्ग गेला नाही, पण बोलणी खावी लागली. मला त्या दिवशी तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी घरी जाऊन आण्णांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. आण्णा जेवता-जेवता थांबले. म्हणाले, वहीत खोटं लिहायला त्याला जमतं, पर स्वतःसाठी न्हाई जमत. मी विचारलं, म्हणजे? ते भाकरी कुस्करत राहिले.

त्याचा अर्थ मला वर्षभरानं लागला. वाचनालयाला चुना मारायचा होता म्हणून मी माळ्यावरच्या जुन्या देवघेवीच्या वह्या खाली काढत होते. कुठलं पुस्तक कुणी नेलं, कधी परत आणलं, सगळं त्यात असतं. सहज चाळायला घेतली तर पानोपानी तुमचंच नाव. कायदा, शेतकी, इतिहास, विलायती कादंबऱ्यांची भाषांतरं, शरीरशास्त्र. आठवड्याला तीन-तीन पुस्तकं. मी तुमची टर उडवली, की आप्पा, एवढं वाचलंत तर मग मला साधं सोलापूरच्या पलीकडचं स्टेशन विचारल्यावर का अडखळता. तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातातून वही घेतलीत, झटकलीत आणि खुर्चीवर बसलात.

"त्यातली निम्मी माझी न्हाईत," तुम्ही म्हणालात. "तुझ्या आण्णाची हायेत."

मग तुम्ही सगळं सांगितलंत, माझ्याकडे न बघता. आण्णा तरुण असताना रोज सकाळी यार्डात जाण्याआधी ओट्यावरचा फळा लिहायचे हे मला माहीत होतं. आमच्या घरात ती गोष्ट कौतुकाची होती. तुम्ही वर्तमानपत्र आणि खडू ओट्यावर आणून द्यायचा, आण्णा उभ्यानं वाचून ठळक बातम्या काढायचे आणि फळ्यावर उतरवायचे. बाजारच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं तिथं घोळका करून उभी राहायची, ज्याला वाचता यायचं तो इतरांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. आमच्या घरी सदैव पुस्तकं असायची, म्हणून आण्णा पूर्वी सभासद असतील असंच मी समजत होते. ते सभासद कधी नव्हतेच. सभासद व्हायला आधीच्या दोन सभासदांच्या सह्या लागायच्या. आण्णांनी तीन वेळा अर्ज दिला. नियमात कुठे लिहिलं नव्हतं की बौद्ध वस्तीतल्या माणसाला घेऊ नये. फक्त सही करायला कुणी पुढे येत नव्हतं. कुणाचं पेन घरी राहिलेलं, कुणी बघू म्हणायचं, कुणी कानाडोळा करायचं. तुम्ही पगारी नोकर, तुमची सही चालत नव्हती. म्हणून तुम्ही पुस्तकं स्वतःच्या नावावर लिहून घ्यायला लागलात आणि संध्याकाळी मागच्या जिन्याच्या तळाशी आण्णांच्या हातात द्यायला लागलात. अकरा वर्षं. जो माणूस तपासणीच्या वहीत एक खोटी सही होऊ देत नव्हता, त्यानं अकरा वर्षं देवघेवीच्या वहीत खोटं लिहिलं होतं.

मी त्या दिवशी तुमच्या पाया पडले होते, आठवतंय? तुम्ही पाय मागे घेतलेत आणि चिडलात. मी घरी जाऊन आण्णांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, "व्हय. आप्पाच्या नावावर वाचलं." नंतर बऱ्याच दिवसांनी आईकडून कळलं की काळ बदलल्यावर तुम्ही दोन सह्यांसकट भरलेला अर्ज घेऊन वस्तीत आला होता. आण्णांनी तो हातात घेतला, वाचला आणि परत दिला. आता नको, तवा पायजे होता, म्हणाले. मला मात्र त्यांनी स्वतःहून सभासद व्हायला लावलं. माझ्या अर्जावर सही करायला एका दिवसात पाच जण तयार झाले.

आण्णा गेले त्याच्या पुढच्या वर्षी वाचनालयाचा अमृतमहोत्सव आला आणि स्मरणिका काढायचं ठरलं. वाचनालयाचा इतिहास तुम्हीच लिहायचा हे उघड होतं. दुसऱ्या कुणाला काही माहीतच नव्हतं. तुम्ही चार महिने खपलात. जुन्या माणसांना गाठलंत, घोडनदीच्या पुरात भिजलेल्या पुस्तकांची यादी काढलीत, पहिलं कपाट कुणी दिलं, पहिली बाई सभासद कोण, सगळं. मी तुमचं अक्षर सुवाच्य करून लिहून काढायचे, कारण तुमचं अक्षर म्हणजे मुंगळे चालल्यासारखं. एका दुपारी तुम्ही एक कागद वेगळा दिलात आणि म्हणालात, हा सातव्या पानावर घाल. तो परिच्छेद मला आजही पाठ आहे.

'वाचनालयाच्या ओट्यावरील फळा अकरा वर्षे रोज सकाळी मार्केट यार्डातील सखाराम आण्णा यांनी लिहिला. बाजाराला येणारी माणसे जगाची बातमी त्यांच्या अक्षरात वाचत. सभासद होण्यासाठी त्यांनी तीन वेळा अर्ज केला. ते बौद्ध वस्तीतील असल्याने त्यांच्या अर्जावर सही करण्यास कोणी पुढे आले नाही. त्या काळात त्यांनी वाचलेली पुस्तके माझ्या नावावर नोंदलेली आहेत. हे लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.'

मी तो लिहून काढताना रडले. तुम्ही खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होता. बघण्यासारखं बाहेर काही नव्हतं, समोर एसटीडी बूथ आणि त्याची बंद दारं.

स्मरणिका छापून आली तेव्हा सभागृहात हार-तुरे चालले होते. मी मागच्या रांगेत बसून सातवं पान काढलं. तिथं एक ओळ होती, 'फळालेखनाची परंपरा काही हौशी कार्यकर्त्यांनी जपली.' मला वाटलं पान चुकलं. आठवं बघितलं, सहावं बघितलं. मग शेवटपर्यंत चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली. व्यासपीठावर तुम्हाला शाल घालत होते.

सगळे गेल्यावर वाचनालयाच्या वरच्या खोलीत येऊन आपण भांडलो. तसं आपण त्याआधी कधी भांडलो नव्हतो. तुम्ही सांगितलंत की संचालकांच्या बैठकीत इतिहास वाचून दाखवला, अध्यक्ष म्हणाले जुनं कशाला उकरायचं, आता तर सगळेच येतात. सही न करणाऱ्यांत त्यांचे वडीलही होते हे तुम्हाला माहीत होतं आणि त्यांनाही. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? तुम्ही म्हणालात, मी नोकर माणूस हाय, माझ्याच हातानं तो काढला. पुढच्या स्मरणिकेत घालू म्हणालात. मी म्हणाले, पुढची निघेपर्यंत आपण दोघंही नसू. तुम्ही टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिलात. आणि मग मी ते बोलले, जे बोलायला नको होतं. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही आण्णांना पुस्तकं दिलीत ती मागच्या जिन्यानंच दिलीत. आजही मागच्या जिन्यानंच दिलंत."

तुमचा चेहरा कसा झाला ते मी इथे लिहिणार नाही. मी चूक बोलले असं मला आजही वाटत नाही, पण बोलले याचं वाईट वाटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला तेव्हा कळत नव्हतं. नाकावर राग घेऊन मी महिन्याभरात दौंडला नोकरी धरली. तिथल्या संचालकांनी चौकशीसाठी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललात की त्यांना तुम्ही माझे नातेवाईक असाल असा संशय आला.

दौंडला माझं वाचनालय रेल्वेच्या बाजूला. रेल्वेतली माणसं, कारखान्यातली माणसं, बदलीवर आलेली घरं. दर तीन वर्षांनी निम्मे सभासद बदलतात, त्यामुळे कोण कुठल्या वस्तीतलं हे विचारायची सवय तिथं फारशी लागली नाही. मला हे तुम्हाला सांगायचं होतं आणि सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ते टोमण्यासारखं लागलं असतं. पहिल्या वर्षी आपण बोललोच नाही. मग एका मंगळवारी कंडक्टर गठ्ठा घेऊन आला. सात पुस्तकं. चिठ्ठी नाही, काही नाही. मी तीन दिवस फणफणत राहिले आणि शुक्रवारी सहा पुस्तकं पाठवली. सातवं मुद्दाम ठेवून घेतलं, म्हणजे तुम्हाला मागावं लागेल. तुम्ही मागितलं नाहीत. पुढच्या मंगळवारी आणखी सात पाठवलीत.

मग तुम्ही एकदाच दौंडला आलात, निवृत्त झाल्यानंतर. थेट गाडी चुकली म्हणून न्हावऱ्याहून चौफुला करत, दोन गाड्या बदलून. आल्या-आल्या कपाटाच्या वरच्या फळीवरून बोट फिरवलंत आणि धुळीचं बोट मला दाखवलंत. एकतिसावं पान उघडून बघितलंत आणि मान हलवलीत. आपण स्टेशनजवळ चहा घेतला. सोलापूरकडे जाणारी मालगाडी बराच वेळ संपत नव्हती. ती गेली आणि मी विचारलं, आप्पा, त्या जुन्या देवघेवीच्या वह्या मला दोन दिवस मिळतील का? आण्णांनी काय काय वाचलं ते मला उतरवून घ्यायचंय. कुणी छापो न छापो, माझ्यापाशी असावं.

तुम्ही बशीत चहा ओतलात आणि प्यायला नाहीत. वाचनालय नव्या इमारतीत हलवताना जुने कागद काढायची यादी केली होती, म्हणालात. देवघेवीच्या वह्या ठराविक वर्षांनंतर ठेवायच्या नसतात. यादी तुम्हीच केली होती आणि खाली सहीही तुमचीच. आयुष्यभराची सवय, नियमाप्रमाणे यादी, नियमाप्रमाणे सही. वह्या गेल्या त्या दिवशी संध्याकाळी जेवताना तुम्हाला आठवलं आणि तुम्ही ताटावरून उठलात. "सकाळी रद्दीवाल्याकडं गेल्तो," तुम्ही म्हणालात. "गाडी पुण्याला गेली होती. म्या माझ्या हातानं घालवलं, पोरी."

मी रागवायला हवं होतं. मला राग आलाही, पण मी ती न प्यालेली बशी तुमच्याकडून घेऊन टेबलावर ठेवली. मग मी म्हणाले, आता तुम्हीच ती वही, आप्पा. तुमच्याशिवाय दुसरा पुरावा नाही. तेव्हा जरा जपा जिवाला, बिडी सोडा. तुम्ही खोकत हसलात. मला वाटलं मी विनोद केला. गाडीत बसताना तुम्ही खिडकीतून म्हणालात की लिहीन, एकट्यानं लिहीन, संस्थेला न विचारता. मी म्हणाले, घाई नाही. खरंच म्हणाले मी असं. घाई नाही म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं गठ्ठे येत राहिले आणि तुम्ही लिहिताय की नाही हे मी विचारलं नाही. भीती होती की नाही म्हणाल. कधी-कधी पुस्तकातून कांद्याच्या पातीचा वास यायचा, म्हणजे तुम्ही बांधावर बसून वाचलेलं असायचं. तेवढी तुमची खुशाली मला पुरायची.

शोकसभेला मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. सकाळच्या गाडीनं निघताना मी तो परिच्छेद एका कागदावर लिहून पर्समध्ये घातला. ठरवलं होतं, आज वाचायचा. तुम्ही नाही, वह्या नाहीत, उरले मी. नवी इमारत तुम्ही मला कधी दाखवली नव्हती. खाली स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासाला बसतात, वर सभागृह. फळा नाही कुठेच, आता काचेची सूचनापेटी आहे. तुमचा फोटो चांगला नव्हता. ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यात तुम्ही कुणाचा तरी जाब द्यायला उभे असल्यासारखे दिसत होता.

आत शिरताना सेक्रेटरी जवळ आला आणि हळूच म्हणाला, ताई, चार चांगले शब्द बोला, आजच्या दिवशी ते जुनं नको. म्हणजे त्यालाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं, आप्पा. इतकी वर्षं मी समजत होते की ही गोष्ट आपल्या दोघांपुरती आहे, आणि तिथं तर अख्खं सभागृह तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं होतं. मला उलट जोर चढला. मी मनाशी म्हटलं, आता तर बोलणारच.

माझं नाव पुकारल्यावर मी उभी राहिले. खळीबद्दल बोलले, मोरचुदाबद्दल बोलले. किल्ली कनवटीला खोवून तुम्ही घरी गेलात ती तपासणीची गोष्ट सांगितली, लोक हसले. एसटीच्या गठ्ठ्यांबद्दल सांगितलं. मग पर्स उघडली. कागद हातात घेतला. आणि समोर पहिल्या रांगेत काकू दिसल्या. तुमच्या पत्नी, पांढऱ्या कपाळानं, न्हावऱ्याच्या चार बायकांच्या मधोमध, माझ्याकडे टक लावून बघत होत्या. शेजारी तुमचा मुलगा, सून, भावकी. माझ्या मनात आलं, हा परिच्छेद वाचला की लगेच पुढचा प्रश्न येणार, मग हा छापला का नाही? आणि त्याचं उत्तर एकच, आप्पांनी स्वतःच्या हातानं गाळला. आज, या बाईच्या समोर, तिच्या नवऱ्याच्या फोटोखाली उभं राहून मी हे सांगू? आजच? पुढे कधी सांगता येणार नाही का?

मी कागद परत पर्समध्ये घातला. 'आप्पांनी अनेकांना वाचायला लावलं', असं काहीतरी म्हणाले आणि खाली बसले. 'अनेकांना'. तुमच्या स्मरणिकेतल्या 'काही हौशी कार्यकर्त्यांनी' या शब्दांवर मी इतकी वर्षं चिडत राहिले, आणि माझ्या तोंडून नेमका त्याच जातीचा शब्द निघाला. तुम्हाला तो परिच्छेद गाळायला अख्खी बैठक लागली होती, समोर अध्यक्ष होते, पोटापाण्याचा प्रश्न होता. मला कुणीही अडवलं नव्हतं. तुमच्यावर मी किती अन्याय केला हे मला त्या खुर्चीत कळलं, आणि तुम्ही माझ्यावर किती केला होता तेही तितकंच कळत राहिलं.

सभा संपल्यावर मी कुणाशी न बोलता जिना उतरत होते. काकूंनी खालच्या पायरीवर मला गाठलं. माझा दंड धरला. त्यांच्या हाताला अजून दिव्याचं तेल होतं. मी काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं.

"बोलली न्हाईस व्हय," काकू म्हणाल्या. रागानं नव्हे, अगदी हळू. "ते म्हणायचे, माझ्या हातनं काय ते लिवून व्हईना. पर मी जिता हाय तवर ती माझ्यासाठी गप बसंल, मी गेलो की बोलंल. आज बोलंल म्हणून म्या पुढं बसले हुते. पाठीमागं बसलं की मला ऐकू येत न्हाई."

आप्पा, मी काय उत्तर द्यायला हवं होतं? पर्स माझ्या खांद्यालाच होती. कागद आत होता. तिथंच, जिन्यात, त्यांच्या एकटीच्या कानाशी वाचून दाखवता आला असता. मी म्हणाले, "काकू, निघते, दौंडची गाडी चुकेल."

गाडीला अजून तासभर अवकाश होता.